खालच्या मजल्यावरची मोटर

मुलुंड (पूर्व),
ता. १६ नोव्हेंबर १९८६

ती. नलिनीताईस,
जयवंतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, तेव्हा आधी कान धरतो आणि मग लिहायला बसतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला शिडीवर चढलो आणि वरच्या पायरीवरून घसरलो. डावं कानशील कठड्यावर आपटलं. सात टाके पडले. दोन दिवस इस्पितळात ठेवलं, फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाले आणि सोडलं. त्याला आता महिना झाला. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू कणकवलीहून मिळेल त्या एस.टी.ने निघाली असतीस आणि इथे येऊन माझ्या डोक्याऐवजी लताचं स्वयंपाकघर तपासलं असतंस.

खरी बातमी वेगळीच आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी मीच, हे तुला माहीत आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि आमच्या बरोबर खाली राजाराम खरात. बायको सुंदराबाई, आणि एक मुलगी, आपल्या सुलक्षणाच्याच वर्गात दहावीला. हा राजाराम पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला आहे, म्हणजे आमच्या भागाचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा तोच. आता तूच बघ. वरच्या मजल्यांवर पाण्याची धार करंगळीएवढी, आणि याच्या घरी बादल्या भरभरून. मला शंका आधीपासून होती, आता पुरावा मिळाला. याने नळाच्या लाइनवर चोरून मोटर बसवली आहे. मला तिचा आवाज येतो.

इस्पितळातून आल्यावर आठवड्याभरात पहिल्यांदा ऐकला. घुर्र, घुर्र, घुर्र, असा एका लयीत, दिवसभर. डाव्या कुशीवर पडलो की जास्त स्पष्ट, कारण तो भिंतीतून चढतो. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या आहेत. आणि यांची हुशारी बघ. मी कामावरून येऊन जिना चढलो की मोटर एकदम जोरात धावते. खुर्चीत पाच मिनिटं शांत बसलो की सावकाश होते. म्हणजे माझी चाहूल घेऊन हे पाणी ओढतात. अठरा वर्षं मी टाइम ऑफिसात काढली आहेत, आधी गिरणीत आणि आता भांडुपच्या कारखान्यात. एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं तर मला मशीनच्या आवाजावरून कळतं. माझे कान फसत नाहीत.

राजारामला विचारलं, तर म्हणाला, सेक्रेटरी, घरात या आणि पाइप न् पाइप बघून घ्या. मी गेलो नाही. जो इतक्या मोकळेपणी बोलावतो त्याने माल आधीच हलवलेला असतो. काल पाणीखात्याकडे रीतसर तक्रार पाठवली. साक्षीदार म्हणून लताचं नाव दिलं आहे, तिलाही आवाज येतो.

बाकी ठीक. डावा डोळा जरा लाल असतो, धुळीने असेल. धाकट्या भावावर जीव आहे तेवढा राहू दे, काळजीत तो आटवू नकोस.

तुझा
जयवंत


कणकवली,
ता. २५ नोव्हेंबर १९८६

चि. जयवंतास,
अनेक आशीर्वाद. स्वतःचं डोकं फुटलेलं महिन्याने कळवतोस आणि दुसऱ्याची मोटर चार पानं भरून! बावीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव फिरले, पण स्वतःच्या घरातलं दुखणं मला पोस्टमनकडून कळतं.

उलट्या होतात का? चक्कर येते का? धूळ दोन्ही डोळ्यांत जाते, मग लाल एकच कसा? याची उत्तरं आधी दे, मोटरचं मागाहून.

आणि ते साप साप म्हणून भुई धोपटणं आता पुरे कर. लहानपणी आपला कापा फणस गुणाजीकाकांनी चोरला म्हणून तू त्यांच्या मांगराबाहेर दिवसभर पहारा देत बसला होतास. फणस आयेने पिकायला पेंढ्यात ठेवला होता. तो तुलाच आधी दिसला, पण कबूल करायला तू दोन दिवस लावलेस. आये म्हणायची, ह्या झिलाक आयकाक येता, पण आयकूचा नाय.

आणखी एक विचारते, राग आला तर येऊ दे. खालच्या घरात खरातांऐवजी आपला कुणी गाववाला राहत असता, तर तुला तो आवाज मोटरचा वाटला असता की पिठाच्या गिरणीचा?

लताला आणि सुलक्षणाला आशीर्वाद. माझा लोभ तू मागितलास काय न मागितलास काय, तो तुझ्या मानगुटीवर आहेच.

तुझी
ताई


मुलुंड,
ता. ४ डिसेंबर १९८६

ती. वन्संस,
लताचा साष्टांग नमस्कार. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर माझ्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलेलं प्रत्येक पाकीट हे हल्ली उजेडासमोर धरून बघतात.

वन्सं, मला आवाज येत नाही. कुणालाच येत नाही. एका रविवारी सकाळी मला आणि सुलक्षणाला भिंतीला कान लावून उभं केलं. सुलक्षणा म्हणाली, येत नाही. तर तिला म्हणाले, तू खालच्या पोरीच्या बाजूची. अर्धा तास झाला, गॅसवर भाजी करपायला लागली, हे हटेनात. मी म्हटलं, हो, येतो थोडासा. तेवढ्यावर मिटेल असं वाटलं. माझं ते वाक्य जसंच्या तसं तक्रारीत गेलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. आता कुठल्या तोंडाने सांगू की मी खोटं बोलले?

खात्याची दोन माणसं आली. खरातांची न्हाणी तपासली, एक लादी उचकटून खाली बघितलं. काही नव्हतं. सगळी बिल्डिंग जिन्यात गोळा झाली होती आणि सुंदराबाई दारात मान खाली घालून उभ्या होत्या. हे म्हणाले, आपल्याच माणसाची झडती खातं काय घेणार, आणि त्यांनी साहेबाच्या वरच्या साहेबाला अर्ज केला. आता चौकशी लागली आहे. खरातांना जानेवारीत मुकादमाची बढती मिळायची होती, ती अडकली. मुली एकत्र अभ्यास करायच्या, तेही बंद.

गेल्या रविवारी दहिसरला माझा भाऊ दशरथ याच्याकडे साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत बसल्या बसल्या हे दशरथला म्हणाले, तुमच्याही खाली कुणीतरी मोटर लावली आहे. त्याच्या खाली भंगाराचं दुकान आहे वन्सं, तिथे नळच नाही. येताना मला म्हणतात, मुंबईत जाल तिथे चोर.

मला भीती आवाजाची नाही, डोळ्याची वाटते. डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आला आहे आणि लाल म्हणजे अगदी रक्तासारखा. एकाच्या दोन बसेस दिसतात. आमच्या इथल्या डॉक्टरांनी डोळे आले म्हणून थेंब दिले, त्याने काही फरक नाही. हे म्हणतात, खरातांच्या बायकोने काहीतरी केलं. असलं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोक्याचं काही बिनसलं असेल तर मी कुणाकडे जाऊ?

मला चार शब्द रागाचे लिहा, पण लिहा.

तुमची
लता


कणकवली,
ता. ११ डिसेंबर १९८६

चि. जयवंतास,
आशीर्वाद. तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात तू स्वतःच्या हाताने लिहिलं आहेस की जिना चढलास की मोटर जोरात आणि बसलास की सावकाश. इतका हुशार टाइमकीपर तू, तुला हे कळलं नाही?

आता पत्र खाली ठेव. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी ठेव आणि नाडी बघ. मग आवाज ऐक. मोटरचा प्रत्येक घुर्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर येत असेल, तर ती मोटर खरातांच्या घरात नाही, तुझ्या डोक्यात आहे. डोकं फिरलं असं मी म्हणत नाही. तिथली रक्ताची नळी दुखावली आहे असं म्हणते. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतो आहेस तू.

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, डोक्याला मार, मग एकाच डोळ्याला लाली आणि कानात आवाज, हे तिन्ही एकत्र असेल तर थेंब घालत बसू नका, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मेंदूच्या विभागात जा. उशीर केलास तर डोळा जाईल. हे मी भिववायला लिहीत नाही. भिववायचं असतं तर स्वतः आले असते.

तुझा डोळा आणि माझा जीव, दोन्ही सांभाळ.

ताई


मुलुंड,
ता. २० डिसेंबर १९८६

ती. ताईस,
नमस्कार. लताने तुला कळवलं ना? एरवी तुला डोळ्याचं इतकं खडान् खडा कसं ठाऊक? ती नाही म्हणते, पण बालवाडीच्या पत्त्यावर अंतर्देशीय येतात हे मला पोस्टमननेच सांगितलं. घरातल्या दोघी, तिसरी तू, आणि खाली ते. सगळे एका बाजूला आणि मी एका.

नाडी बघितली. जुळते. एकदा नाही, अकरा वेळा बघितली, वहीत लिहिली आहे. पण जगात मोटरी काय कमी आहेत? एखादीचा ठोका माणसाच्या नाडीशी जुळणारच. शिवाय तू सांगितल्यावर जुळली, त्याआधी मी कुठे मोजली होती? तुझ्या सांगण्याचा परिणाम असेल.

सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात जातो आहे. आजारी आहे म्हणून नव्हे. काही नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतो आणि ते कागद तुला पाठवतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांची तोंडं बंद होतील.

डाव्या डोळ्याने अक्षर नीट दिसत नाही, म्हणून ओळी वाकड्या गेल्या. एवढं मनावर घेऊ नकोस.

जयवंत


हॉस्पिटल, मुंबई,
ता. ५ जानेवारी १९८७

ती. वन्संस,
साष्टांग नमस्कार. आज लपून लिहीत नाही, यांच्या देखत लिहिते आहे. हे हॉस्पिटलात खाटेवर पडून आहेत आणि भिंतीकडे तोंड करून आहेत, तेव्हा देखत म्हणायचं एवढंच.

पहिल्या दिवशी चार खिडक्या फिरलो. मग अनुपमा नावाच्या एक तरुण डॉक्टर आल्या. त्यांनी यांचं सगळं ऐकून घेतलं, मोटरसुद्धा. हसल्या नाहीत. यांना डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या पापणीवर स्टेथॉस्कोप ठेवला. मी कधी पापणीवर ठेवलेला बघितला नव्हता. मग मला बोलावलं आणि नळ्या माझ्या कानात घातल्या.

वन्सं, मी ऐकलं. घुर्र, घुर्र, घुर्र. ते सांगत होते अगदी तस्संच. मला रडूच आलं. मी त्यांना वेडं समजले होते, आणि तोंडाने खोटं खोटं येतो म्हणत होते. आवाज खरा होता, फक्त खाली नव्हता.

मग डॉक्टरांनी यांच्या मानेवर डाव्या बाजूला बोटं दाबली. दोन-तीन सेकंदच. माझ्या कानात आवाज एकदम थांबला. बोटं काढली आणि पुन्हा सुरू. त्या तीन सेकंदांत मी यांचा चेहरा बघितला. इस्पितळातून घरचं कुणी गेल्याची बातमी आल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी डोळ्याच्या मागे शिरांच्या एका जाळ्यातून जाते. डोकं आपटलं तेव्हा तिला तिथे चीर पडली. धमनीचं जोराचं रक्त शिरांत घुसतं, त्याचा तो आवाज, आणि त्यानेच डोळा बाहेर येतो. आता यांना त्या डोळ्याने समोर धरलेली बोटं मोजता येतात, तेवढंच दिसतं. आठ-पंधरा दिवसांत काही केलं नाही तर तेही जाईल. कवटी उघडायची नाही. जांघेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाला रबराचा एवढासा फुगा. तो चिरेपाशी नेऊन फुगवायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. इथले मोठे डॉक्टर परदेशात शिकून आले आहेत, त्यांनी हे आठ-दहा जणांना केलं आहे. धोका आहे, अर्धांगसुद्धा होऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

यांनी सही केलेली नाही. म्हणाले, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डोळ्याला दुखणं आणि भोक जांघेत? म्हणाले, आठ-दहाच झाले म्हणजे हे आमच्यावर शिकतात. म्हणाले, जत्रेतला फुगा चार दिवसांत बसतो. हे सगळं मी समजू शकते. पण काल संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते मला समजत नाही. म्हणाले, आवाज दोन आहेत. एक डोक्यातला असेल, पण दुसरा खरातांचाच. मी म्हटलं, इथे मुलुंडपासून इतक्या लांब खरातांची मोटर कशी ऐकू येईल? तर भिंतीकडे वळले ते वळलेच.

तुम्हीच आता काहीतरी लिहा. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तुमची
लता


कणकवली,
ता. ९ जानेवारी १९८७

चि. जयवंतास,
हे पत्र एकट्याने वाच. वाचून झालं की फाडलंस तरी चालेल.

तुला फुग्याची भीती नाही आणि अर्धांगाचीही नाही. तुला भीती आहे ती आवाज थांबण्याची. त्या पोरीने मानेवर बोटं दाबली तेव्हा तीन सेकंद तुला कळलं की खाली काही नव्हतं. आता तो फुगा जागेवर बसला आणि आवाज कायमचा गेला, तर तू खरातांचं काय केलंस ते तुला आयुष्यभर शांतपणे ऐकत बसावं लागेल. त्यापेक्षा डोळा गेला तर बरा, असं तुझं चाललं आहे. आवाज दोन म्हणे!

तुला एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्या उपकेंद्रातली नाळ कापायची कात्री हरवली. मी राधा दाईवर आळ घेतला. डॉक्टरांपुढे तिच्या पदराची गाठ सोडायला लावली. महिन्याने कात्री माझ्याच पिशवीच्या अस्तरात सापडली. मी काय केलं असेल? तिच्याकडे गेले नाही. भर दुपारी विहिरीवर गेले आणि कात्री आत टाकली. राधा दोन वर्षांनी वारली. तिच्या मयताला मी गेले होते, सगळ्यांच्या पुढे उभी होते. ते पाणी मी आजही पिते, जयवंता.

म्हणून सांगते. डोळा तुझा आहे, घालवायचा तर घालव. पण खरातांची बढती तुझी नाही. राजाराम जिवंत आहे, खालच्याच मजल्यावर आहे. तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे आता उरलेलं नाही.

सही कर. शेंबड्या, सही कर.

तुझी
ताई


हॉस्पिटल, मुंबई,
ता. २४ जानेवारी १९८७

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. उताणा पडून लिहितो आहे, छातीवर सुलक्षणाचं परीक्षेचं पॅड. उजवा पाय हलवायचा नव्हता, आता परवानगी मिळाली, पण उठायचं नाही. फुगा जागेवर पक्का बसायला वेळ लागतो म्हणतात.

तुझं पत्र फाडलं नाही. दोन दिवस उशीखाली ठेवलं आणि मग सही केली. सही करतानासुद्धा कागदाची मागची बाजू बघितली, काही बारीक अक्षरात लिहिलं आहे का म्हणून. जित्याची खोड.

मंगळवारी नेलं. भूल फक्त जांघेपुरती, म्हणजे मी पूर्ण जागा. टीव्हीसारख्या पडद्यावर डोकं दिसत होतं. माझंच कशावरून, असं मी विचारलं. डॉ. अनुपमा म्हणाल्या, तोंड उघडा. उघडलं, तर पडद्यावरचा जबडाही उघडला. औषध सोडलं की अर्ध्या चेहऱ्यावर गरम पाणी ओतल्यासारखं व्हायचं. मोठे डॉक्टर मधूनमधून माझ्याकडून बोटं हलवून घेत, नाव विचारत, आज वार कोणता ते विचारत. पहिला फुगा फुगवला आणि सरकून बाहेर आला. माझ्या मनात आलंच की शिकतायत. त्यांनी तो काढून घेतला, नवा लावला, पुन्हा वर नेला. दीड तास झाला होता. आणि माझ्या डोक्यात ते चालूच होतं, घुर्र, घुर्र.

मग ते थांबलं.

हळूहळू कमी झालं नाही, ताई. थांबलंच. खोलीत कुणीतरी चिमटा ट्रेमध्ये ठेवला तो मला ऐकू आला. कुणाची तरी चप्पल वाजली. मी वाट बघितली, पुन्हा सुरू होईल म्हणून, दुसरा आवाज तरी येईल म्हणून. दुसरा आवाज नव्हता. डॉक्टर मला म्हणाले, घाडी, कसं वाटतं? आणि माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना वाटलं दुखतं आहे. मी सांगितलं, दुखत नाही.

तू नोव्हेंबरात गाववाल्याचं विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी चोरलं होतं. गिरणीचा वाटला असता. शंभर टक्के गिरणीचा.

डोळा अजून लाल आहे, पण आत जायला लागला आहे. दिसायचं किती परत येईल ते सांगता येत नाही म्हणाले, उशीर फार केला. लताने काल स्वतः पाणीखात्यात जाऊन लिहून दिलं की आपली साक्ष खोटी होती. मी तिला पाठवली नव्हती. ती निघालीच म्हणून माझी तक्रार मागे घेण्याचा अर्जही तिच्याच हाती दिला.

तुझी ती कात्रीची गोष्ट माझ्यापाशी राहील. तूही माझ्यासाठी आणखी थोडी वर्षं राहा.

तुझा
जयवंत


मुलुंड (पूर्व),
ता. २२ फेब्रुवारी १९८७

ती. नलिनीताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. घरी येऊन पंधरा दिवस झाले. डोळा दिसायला दुसऱ्यासारखा झाला आहे. वर्तमानपत्राचे मथळे डाव्याने वाचता येतात, खालचं बारीक नाही. तेवढंच राहील म्हणतात. पाणी वरच्या मजल्यांना पूर्वीसारखंच करंगळीएवढं येतं. ते तसंच यायचं होतं, कुणी चोरत नव्हतं.

खात्यातून उत्तर आलं. तक्रार मागे घेता येते, पण लागलेली चौकशी मागे घेता येत नाही. ती तिच्या गतीने संपेल, मग निकाल लागेल. दरम्यान मुकादमाची जागा दुसऱ्याला दिली गेली. राजारामची बदली दहिसरच्या नाक्याकडे झाली आहे, म्हणजे घरून निघायचं ते पहिली बस धरून. मी साहेबांना भेटलो, हात जोडले. ते म्हणाले, घाडी, तुम्ही अर्ज फार मुद्देसूद लिहिला होता.

आज रविवार म्हणून सकाळी खाली गेलो. लता येते म्हणाली, मी नको म्हटलं. दार राजारामने उघडलं. मी काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं अर्धंच आलं. माझी चूक झाली, माझ्या डोक्यातलं दुखणं मी तुमच्या घरात ढकललं, आणि तुम्ही आत बोलावलंत तेव्हा मी आलो नाही, एवढं म्हणालो. तो ऐकत होता. मग म्हणाला, आवाज थांबला ना, बरं झालं. माफ केलं म्हणाला नाही. रागावलाही नाही. त्याची मुलगी आतून पुस्तक घेऊन आली, मला बघितलं आणि परत आत गेली.

या म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला. मी आत जाऊन लोखंडी खुर्चीवर बसलो. चार वर्षांत या दारात मी पन्नासदा उभा राहिलो असेन, पावत्या घेऊन, नोटिसा घेऊन. सुंदराबाई दरवेळी पाणी विचारायच्या आणि मी दरवेळी आत्ताच चहा झाला म्हणायचो. सकाळी चहा, दुपारी चहा, चतुर्थीच्या उपासालाही चहा. आज त्यांनी विचारलं नाही. त्या मोरीशी भांडी घासत होत्या, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग मीच म्हटलं, वहिनी, जरा पाणी द्याल का.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, तांब्या-भांडं घेतलं. पिंपातून पाणी काढलं आणि माझ्यापर्यंत आल्या. पण भांडं पुढे करायच्या आधी थांबल्या, आणि खालच्या आवाजात विचारलं, आमच्याकडचं चालेल का.

टोमणा नव्हता, ताई. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, माझ्या दोन्ही डोळ्यांनी. त्या खरंच विचारत होत्या.

मी ते पाणी प्यायलो, आणि वर येऊन तुला लिहायला बसलो. लोभ मागायची आज लाज वाटते, तू आपणहून ठेवशील तेवढा ठेव.

तुझा
जयवंत